भाऊंच्या हाताचा गुण

मी तो काढा चहा समजून प्यायलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये दिवसभर नटबोल्टांशी डोकं लावून संध्याकाळी घरी आलो, तर चुलीच्या कडेला राखेच्या उबेत कडीचा पितळी डबा ठेवलेला. झाकण काढलं. आत तांबूस, वाफाळतं काहीतरी, आणि गवती चहाचा वास. बायको मागच्या दारी दोरीवरचे कपडे काढत होती. मला वाटलं, लग्नाला वीसेक वर्षं झाल्यावर का होईना, मी यायच्या आधी चहा करून ठेवायचं हिला सुचलं. अशा वेळी बोलून दाखवू नये, नाहीतर पुन्हा सुचत नाही. गुपचूप कपात ओतला, दूध घातलं, बशीतून फुरकत प्यायलो. दुसराही कप घेतला. मग मात्र राहवलं नाही.

"अगं, चहात आज काय घातलंस? भिजलेल्या गोणपाटाचा वास येतोय."

"जटामांसीचा हाय तो वास, दाजी. तसाच असतो," उत्तर पुढच्या दारातून आलं.

दारात शेजारचे ड्रायव्हर उभे होते. काढा त्यांनी केला होता, माझ्या बायकोसाठी, आणि तो कसा झालाय हे विचारायला ते आले होते. बायको कपडे खांद्यावर टाकून आत आली. तिनं डब्यात बघितलं, माझ्या कपात बघितलं, आणि मला एक शब्दही न बोलता त्यांना म्हणाली, "भाऊ, पुन्हा आधण ठेवावं लागंल तुमाला."

त्या संध्याकाळी मी जेवता जेवता ताटावरच पेंगलो. ती पेंग काढ्याची होती की लाजेची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता हे ड्रायव्हर कोण आणि माझ्या बायकोला काढा कशाला, ते सांगायला हवं.

दुष्काळाचं साल होतं ते. आम्ही देवळाली प्रवरेच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, कारखान्याच्या खोल्यांच्या ओळीत राहत होतो. आमच्याकडे निदान कालव्याला कधीमधी पाणी यायचं. पण आम्ही मुलगी दिली होती घोडेगावच्या पलीकडे, कोरड्या रानात. लग्न वैशाखात झालं आणि पुढे पावसानं तोंडच दाखवलं नाही. तिकडच्या विहिरी आटल्या. मुलीच्या पत्रात सगळं क्षेम असायचं, फक्त मधेच एखादं वाक्य यायचं, की सकाळी पाण्याला लांब जावं लागतं. बाकीचं पत्र मी वाचायचो, बायको तेवढंच वाक्य वाचायची. रात्रभर ती डोळे उघडे ठेवून पडे आणि मनातल्या मनात लेकीच्या डोक्यावरचा हंडा वाहत राही. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा नळावर चक्कर येऊन बसली, तेव्हा बायकांनी धरून घरी आणली.

मी उपाय केले नाहीत असं नाही. दुधात जायफळ उगाळून दिलं, ते इतकं झालं की तिला दुसऱ्या दिवशी दिवसभर मळमळत होतं. काशाच्या वाटीनं तळपाय घासले, तर तिला गुदगुल्या व्हायला लागल्या, आणि वाटी हातात धरून मलाच झोप लागली. शेवटी माझं हुकमी हत्यार काढलं. आमच्या घराण्यात गोष्टी सांगणारा म्हणून मला मान आहे. माझ्या गोष्टींनी आमची सगळी पोरं, भावाची पोरं, एकदा तर तपासायला आलेला डॉक्टरसुद्धा झोपला होता. बायको मात्र शेवटपर्यंत टक्क जागी राहिली आणि गोष्ट संपल्यावर म्हणाली, "झोपा आता तुमी. दमला असाल."

आणि मग शेजारच्या खोलीत हे ड्रायव्हर राहायला आले.

एस.टी.तून निवृत्त होऊन कारखान्याच्या जीपवर लागले होते. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, बायको वारलेली, एकटे. तरी ताठ. मिशा तर अशा, की वर्षानुवर्षं गाडीच्या आरशात बघून नीट केलेल्या. त्यांचं गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या जवळ, आणि माझ्या बायकोचं माहेर त्याच्या शेजारचं. पहिल्याच दिवशी नळावर बोलणं झालं आणि बायको घरी येऊन म्हणाली, "माझ्या माहेरचे हायेत. मी त्यांना भाऊच म्हटलं." ती क्षणात बहीण झाली आणि मी, कुणी न विचारता, दाजी झालो. दाजी झाल्यावर माणसाला चेष्टा सोसावी लागते, तो रिवाजच आहे.

मत्सर हा शब्द मी त्या वर्षात एकदाही उच्चारला नाही. 'मला त्या माणसाचं काही नाही, पण' अशी माझी वाक्यं सुरू व्हायची. मला त्या माणसाचं काही नाही, पण तोही गोष्टी सांगायचा. माळशेज घाटात धुकं पडलं, म्हणून कंडक्टर कंदील घेऊन गाडीपुढे चालायला लागला, त्याचं बघून एकेक प्रवासी उतरून त्याच्यामागे चालायला लागला, आणि घाट संपला तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं की गाडीत आपण एकटेच आहोत. एवढीच गोष्ट. माझ्या बायकोनं हसून डोळ्यांना पदर लावला. मी मनात म्हटलं, तिकिटाचे पैसे परत दिले का, ते विचार की. पण मी विचारलं असतं, तर गोष्टीत रस घेतल्यासारखं झालं असतं.

रातपाळ्या करून करून त्यांची झोप मोडलेली होती, आणि कुठल्याशा मुक्कामाच्या गावी त्यांना हा काढा कुणीतरी शिकवला होता. गवती चहा, तुळस, थोडी बडीशेप, कालव्याकडेची ब्राह्मी, आणि सकाळपासून पाण्यात भिजवलेली चिमूटभर जटामांसी, ती नगरहून आणलेली. दिवेलागणीला ते पितळी डबा घेऊन येत. बायको तो काढा घोट घोट पिई, आणि जेवणं उरकली की आडवी होई. पहिल्यांदा ती घोरली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून बसलो. आणि उठून बसल्यावर माझ्या ध्यानात आलं, की माझ्या बायकोच्या घोरण्याची किल्ली परक्या माणसाच्या खिशात आहे.

"भाऊंच्या हाताला गुण हाय," ती सकाळी म्हणाली.

"गुण जटामांसीला असतो," मी म्हणालो.

"मग तुमी जायफळ दिलं, त्याला नव्हता व्हय?"

आमच्याकडे ही समजूत पक्की. औषध कुठलंही असो, ते ज्याच्या हातून येतं त्या हाताला गुण असावा लागतो. एकाच झाडाचा पाला दोघांनी दिला तरी एकाचा लागू पडतो, दुसऱ्याचा पडत नाही. माझ्या हाताला काय आहे, हे जायफळानं सगळ्या ओळीला कळलंच होतं.

त्यातून दुसरा एक रिवाज माझ्या मुळावर आला. कुणाच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही. त्यामुळे तो पितळी डबा रोज काढा घेऊन यायचा आणि माझ्या घरातलं काहीतरी घेऊन जायचा. आज हुलग्याचे शेंगोळे, उद्या लसणाची चटणी, परवा थालीपीठ. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची, तिच्या भाकरी खाऊन आमची तोंडं विटलेली, आणि चांगल्या बाजरीचं जे काही व्हायचं ते डब्यात बसून शेजारी जायचं. मी जाता जाता झाकण उघडून बघत असे. बायको म्हणायची, "वास घेतल्यानं संपतं काय ते?"

पावसाळा कोरडा गेला आणि थंडी पडली. त्याच सुमारास भाऊंचा हात मोडला.

जीप थंडीनं सुरू होईना म्हणून ते हँडल मारायला गेले, हँडल उलट फिरलं आणि उजवं मनगट गेलं. हाडवैद्यानं बांबूच्या पट्ट्या लावून गच्च बांधलं. बातमी ऐकून बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. ते त्यांच्या हातासाठी किती आणि काढ्यासाठी किती, ह्याचा हिशेब मी तेव्हा करत बसलो, असा मी माणूस.

"मी करतो की काढा," मी म्हणालो.

"नगं," बायको म्हणाली. एवढंच. मला पुढचं जेवण गेलं नाही.

संध्याकाळी त्यांना जेवण धाडायचं म्हणून तिनं मला डबा आणायला त्यांच्याकडे पाठवलं. भाऊ बाजेवर बसले होते. उजवा हात गळ्यात, समोर स्टोव्ह, आणि डाव्या हातानं काडी ओढण्याची खटपट.

"या दाजी," ते म्हणाले. "दार लोटून घ्या. तुमच्याकडं काम हाय."

काम असं, की काढा मी करायचा आणि नाव त्यांचं सांगायचं.

"ताईला कळू द्यू नगा. हात बदलला म्हनून कळलं, की तिचं मन शंका काढनार. अन् एकदा शंका निघाली, की काढ्यात अमृत घाला, झोप न्हाई यायची."

"ती विचारील की, हात मोडलेला असताना केला कसा."

"डाव्या हातानं केला म्हनायचं."

मी तयार झालो. का झालो ते तेव्हा नीट कळलं नाही. तिची झोप हवी होती, हे खरंच होतं. पण माझ्या हाताला गुण आहे का, हे कुणाला न कळता बघायची खाजही होती.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी शेजाऱ्याच्या खोलीत दार लावून, स्टोव्हपुढे उकिडवा बसून, माझ्याच बायकोसाठी काढा करू लागलो. भाऊ बाजेवरून गाडी चालवल्यासारखं सांगत. "चढ लागला दाजी, जाळ वाढवा. आता उतार हाय, बारीक करा. अहो, बारीक! दरीत घालताय का काय?" मी पळी आपटत असे. माझ्या घरात कुणी माझ्यावर असं ओरडत नव्हतं. म्हणजे ओरडत होते, पण दार उघडं ठेवून.

दुसरी भानगड लाडवांची. भाऊंचा हात मोडल्यावर बायकोची माया उतू जाऊ लागली आणि डब्यातून बाजरीचे लाडू जायला लागले. पहिल्या दिवशी मी ते त्यांच्यापुढे ठेवले, तर ते झाकण लावून इकडंतिकडं बघायला लागले.

"दाजी, आणखी एक काम हाय. लघवीतनं साखर जाती म्हनाला डॉक्टर. गोड बंद केलंय."

"मग तसं सांगा तिला."

"कसं सांगू? साखर कारखान्यात राहतो, लोक हसत्याल. अन् बहिनीनं मायेनं दिल्यालं परत कसं धाडू? तुमीच खावा."

"मी?"

"घरचंच हाय की."

घरचेच होते, पण घरी मिळत होते तसले नव्हते. मला घरी मिळायचा तो लाडू म्हणजे पीठ आणि गूळ ह्यांची नुसती ओळख करून दिलेली. ह्यात तूप होतं. बाजरी खमंग भाजलेली होती. वेलदोडा होता. आमच्या घरात वेलदोडा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. माझ्या पगाराचं तूप, माझ्या बायकोचे हात, लाडू माझ्याच तोंडात, आणि तरी एकेका घासाला माझा जळफळाट होत होता. ती मला असा लाडू देत नाही, म्हणून मी त्या माणसावर जळत होतो, आणि त्या माणसाला मात्र त्यातला कणही चाखायला मिळत नव्हता. तो बिचारा डोळे मिटून नुसता वास घ्यायचा आणि विचारायचा, "कसा झालाय?"

"बरा आहे," मी म्हणायचो.

घरी डबा नेऊन दिला की बायको काढा पिई. पहिल्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून, पेपर धरून बसलो होतो. पेपर उलटा असेलही. तिनं घोट घेतला, जरा थांबली, पुन्हा घेतला. रात्री झोपली. चांगली गाढ झोपली. म्हणजे माझ्याही हाताला गुण होता. ओळीतल्या एकेकाला उठवून सांगावं असं वाटलं.

सकाळी ती ताजी दिसत होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "भाऊंच्या डाव्या हाताला पण गुण हाय बघा."

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवायचा तो पाण्याच्या तांब्यात बुडवला.

हे असं बरेच दिवस चाललं. ती अंगानं भरायला लागली, बांगड्या मनगटावर आल्या. मुलीचं पत्र आलं की आता ती ते सगळं वाचायची. नळावर बायकांना सांगायची, की एकेकाला देव देतो तसा हात. बायका भाऊंकडे बघायच्या. भाऊ नम्रपणे मान खाली घालायचे. ती नम्रता मला फार लागायची. मी काढा ढवळायचा, त्यांनी नम्र व्हायचं.

शेवटी भाऊंच्या पट्ट्या सुटल्या. मी त्यांच्या खोलीत शेवटचा काढा केला तेव्हा त्यांनी चढ-उतार एकदाही सांगितला नाही. "चांगला हात बसलाय तुमचा, दाजी," ते म्हणाले. "पर हे तुमच्या माझ्यात." मी मान हलवली. त्या घटकेला मी ते मनापासून कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बायकोनं भाऊंना जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर तिनं पाट मांडला, भाऊंना त्यावर बसवलं, आणि ट्रंकेतून टॉवेल, टोपी आणि नारळ काढून माझ्या हातात दिला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"भावाला आहेर न्हाई करायचा? त्यांच्या हातानं मी उठून उभी राहिले. तुमी घरधनी, तुमच्या हातनं झाला पायजे. कुंकू लावा, टोपी घाला."

मी कुंकू लावलं. भाऊ ताठ बसले होते. मिशा नीट केलेल्या, धोतर परीटघडीचं. टोपी हातात घेतली. कोरी, पांढरी, कांजी केलेली टोपी. माझ्या स्वतःच्या टोपीला तेलाचा पट्टा होता. मी ती कोरी टोपी त्यांच्या डोक्यापर्यंत नेली आणि तिथंच थांबलो. हात पुढे जाईना.

"घाला की," बायको म्हणाली.

"काढा मी केलाय," मी म्हणालो.

भाऊंनी डोळे मिटले.

"हात मोडल्यापासून रोज मीच करतोय. ह्यांच्या खोलीत बसून. हे नुसते बाजेवरून हुकूम सोडत होते. डावा हात नाही आणि उजवा हात नाही, माझा हात होता. आणि ते लाडूसुद्धा मीच खाल्ले. सगळे. ह्यांना गोड चालत नाही."

मी टोपी धरून उभा. माझं बोलून झालं तेव्हा काहीतरी मोठं जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भाऊंचा चेहरा बघून तसं वाटेना.

"दाजी," ते हळूच म्हणाले, "मातीच केली की तुमी."

बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तिनं माझ्या हातातून टोपी घेतली, भाऊंच्या डोक्यावर नीट बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला आणि वाकून त्यांच्या पाया पडली. मग भांडी घासायला निघून गेली.

संध्याकाळी भाऊंनी स्वतः, दोन्ही हातांनी काढा करून आणला. तिनं तो पुरता प्यायला. पण त्या रात्री ती झोपली नाही. मी तिच्याकडे पाठ करून पडलो होतो. वळून बघायची छाती नव्हती. मधूनमधून तिची गोधडी हलायची, दबलेला हुंदका यायचा, पुन्हा गप्प. मी स्वतःला काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बिचारी एवढी सावरली होती. आता पुन्हा चक्कर, पुन्हा त्या कोपरापर्यंतच्या बांगड्या, आणि हे सगळं कशासाठी, तर एका टोपीसाठी.

सकाळी उठलो तर ती चुलीपुढे बसलेली. डोळे सुजलेले, लाल. मी गवती चहाची पात खुडून आणली, आमच्याच चुलीवर आधण ठेवलं, आणि तिच्याकडे न बघता म्हणालो, "चुकलं माझं. रात्रभर रडलीस तू."

ती पदरात तोंड घालून पुन्हा हलायला लागली. मी घाबरून जवळ सरकलो. तेव्हा तिनं तोंड वर केलं आणि मला कळलं.

"रडती कशाला? हसू आवरंना मला," ती म्हणाली. "डोळा मिटला की तुमी दिसायचा. भाऊंच्या स्टोव्हपाशी दार लावून बसलाय, एका हातात पळी, दुसऱ्या हातात माझा लाडू, अन् तोंड हे एवढं पाडल्यालं. असलं दिसल्यावर झोपावं कसं मानसानं? सरका आता. काढाबिढा काय नगं, पीठ मळून ठेवलंय, भाकरी तेवढ्या थापा. मी जरा पडते."